शाल्मली नावाचा वास

साताऱ्यात जोडप्यांसाठी विज्ञान क्लब निघाला, तेव्हा शाल्मली आणि निनाद भोईटे यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि एकमेकांशी बोलायचे विषय संपत आले होते. भांडणं नव्हती. भांडायलाही जी थोडी आच लागते, तीही उरलेली नव्हती. निनाद चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम बघायचा. शाल्मली कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. संध्याकाळी दोघं घरी येत, जेवत, आणि एक या खोलीत तर दुसरं त्या खोलीत आपापल्या स्क्रीनसमोर बसत. मूल झालं नव्हतं. त्याचं दुःखही दोघांनी वेगवेगळं बसून उरकलं होतं.

क्लबात नाव निनादने घातलं. "रविवारी सकाळी लोळण्यापेक्षा बरं," एवढंच तो म्हणाला.

शाल्मली नाखुशीनेच गेली, पण तिला मजा आली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या कुस्करून, त्यात मीठ आणि भांडी घासायचा साबण घालून, वरून गार अल्कोहोल सोडलं की पांढरे तंतू तरंगत वर येतात. तो स्ट्रॉबेरीचा डीएनए. शाल्मलीला हे पाठ होतं, विद्यार्थ्यांना तिने कितीदा तरी करून दाखवलं होतं. पण निनादने काडीवर तो शेंबडासारखा गोळा उचलला आणि "हे बघ, हे बघ!" म्हणून तिच्या नाकासमोर धरला, तेव्हा ती खूप दिवसांनी खळखळून हसली. मग यवतेश्वरच्या माथ्यावर दुर्बिणीतून शनीची कडी बघणं झालं, तुरटीचे स्फटिक वाढवणं झालं. जेवताना पुन्हा बोलणं होऊ लागलं.

मग क्लबात 'सहवास' आला.

मिक्सरएवढं यंत्र. त्यात औषधाच्या बाटलीएवढ्या कुप्यांची एक ओळ आणि सोबत कपाळाला बांधायची पट्टी. क्लबातल्या डॉक्टर वैजयंती मोहिते यांनी पहिल्या दिवशी त्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं.

"घामाला स्वतःचा वास नसतो," त्या म्हणाल्या. "आपल्या काखेत, मानेवर, केसांत कोट्यवधी जिवाणू राहतात. घामातली स्निग्ध द्रव्यं खाऊन ते जे बाहेर टाकतात, त्याला आपण माणसाचा वास म्हणतो. खरं सांगायचं तर तो त्यांच्या विष्ठेचा वास असतो."

सगळे "ईऽऽ" करून हसले.

"कुणाच्या अंगावर कोणते जिवाणू किती, त्यावर त्याचा वास ठरतो. अत्तर म्हणजे नुसती वरून घातलेली चादर. हे यंत्र गादीच बदलतं. कुप्यांमध्ये निरुपद्रवी जिवाणू सुकवून ठेवलेत. प्रमाण सांगा, यंत्र ते वाढवून त्याचं मलम करून देतं. पंधरवडाभर लावलं की ती वस्ती अंगावर रुजते. आणि प्रमाण कसं ठरवायचं? जोडीदाराच्या नाकाने. ही पट्टी कपाळाला बांधायची, नमुने हुंगायचे. कोणता वास आवडला, हे तुमच्या तोंडाच्या आधी तुमचा मेंदू सांगतो."

निनादसारख्या माणसाला आणखी काय हवं होतं? यंत्र घरी आलं. रोज संध्याकाळी शाल्मली डोळ्यांवर ओढणी बांधून बसायची, निनाद तिच्या नाकाखाली कापसाचे बोळे धरायचा आणि स्क्रीनवरचे आकडे टिपून घ्यायचा. काही बोळे भयंकर निघाले. एकाला आंबलेल्या डोशाच्या पिठाचा वास होता, एकाला कोंबडीच्या खुराड्याचा. ती ओरडून त्याला चापट मारायची. तो आणखी जवळ आणायचा. काही मिश्रणं जमली, काही फसली, आणि सातव्या मिश्रणाला तिने डोळ्यांवरची ओढणी न काढताच त्याचा हात धरला.

त्या उन्हाळ्याबद्दल ती नंतर कुणाशी फारसं बोलली नाही. एवढंच खरं की निनाद पठारावरून घरी आला की ती हातातलं काम टाकून दारात जायची. त्याच्या मानेत नाक खुपसून उभी राहायची. कोरड्या गवताचा, किंचित तुपाचा, आणि त्याखाली नाव न सांगता येणारा असा तो वास होता. चाळिशी ओलांडलेली बाई मी, हे काय चाललंय माझं, असं तिला वाटायचं आणि हसू यायचं.

कॉलेज ज्या संस्थेचं होतं, तिचे सचिव होते निकमसाहेब. पन्नाशीचे, नेहमी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. स्टाफरूममधल्या प्रत्येक बाईला त्यांची सवय ठाऊक होती. ते कधी असं काही करत नसत, की ज्याची तक्रार करता येईल. कागद बघायच्या निमित्ताने ते खुर्चीच्या मागे येऊन उभे राहत. वाकत. बोलताना त्यांचा श्वास कानावर येई. पेन घेताना बोटं नको तितका वेळ बोटांवर राहत. शाल्मली श्वास रोखून धरायची आणि खुर्ची बाजूला सरकवायची. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की केबिनमध्ये शिरतानाच तिचे खांदे आकसायचे.

जूनमध्ये प्रयोगशाळेच्या सामानाची मागणी घेऊन ती त्यांच्याकडे गेली. ते नेहमीप्रमाणे उठून मागे आले, तिच्या खांद्यावरून कागदावर वाकले.

"ब्युरेट एवढे कशाला लागतात, मॅडम?"

"मुलांची संख्या वाढली आहे, सर. दोघांत एक तरी..." ती समजावू लागली. समजावता समजावता तिला आत कुठेतरी छान, सैल वाटू लागलं. दिवसभराचा शीण उतरल्यासारखं. बोलणं संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तिने खुर्ची सरकवलेली नाही. उलट तिचा खांदा मागे रेलला आहे, निकमसाहेबांच्या दंडाला टेकून. आणि तिचे डोळे मिटत आले आहेत.

ती ताडकन उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

निकमसाहेब हसत होते. "अहो, घाबरता काय? आवडलं ना? तुमच्याच नावाचं आहे. 'शाल्मली'. आमच्या मिसेसनी ते यंत्र घेतलंय, त्यात यादी बघत होतो. नाव ओळखीचं दिसलं. म्हटलं, लावून बघू."

कागद तिथेच टाकून ती बाहेर पडली. प्रयोगशाळेत मुलं नव्हती. तिने बेसिनचा नळ सोडला आणि ओकायचा प्रयत्न केला, पण काही पडेना. पोट ढवळत नव्हतंच. ढवळत होतं ते डोकं. शरीर अजून मजेत होतं, हातापायांत ती ऊब तशीच होती. हेच तिला सहन होईना. तिने ब्लाउजचा खांदा साबणाने घासला, मग कापड बाजूला करून कातडी घासली, लाल होईपर्यंत. आपल्या अंगावर पाल चढली आणि आपण तिला कुरवाळत बसलो, असं तिला वाटत होतं.

निनाद घरी आला तेव्हा ती दारात गेली नाही.

"निनाद, आपलं मिश्रण आणखी कुणाकडे आहे का?"

तिच्या चेहऱ्याकडे न बघता तो बूट काढत होता. त्याचा आवाज एकदम उजळला. "तुला कुणी सांगितलं? मी वाढदिवसाला सांगणार होतो! अगं, आपलं प्रमाण मी सामाईक यादीत टाकलं होतं. राज्यात पहिलं आलंय. हजारो लोकांनी उतरवून घेतलंय. लोक लिहितात काय, की बायको पुन्हा बोलायला लागली, अमुक झालं, तमुक झालं."

"आणि नाव?"

"तुझंच दिलं. तुझ्या नाकाने शोधलेलं ना ते."

शाल्मलीने त्याला केबिनमधलं सगळं सांगितलं. खुर्ची सरकवली नाही, हेही सांगितलं. खांदा टेकला, हेही. सांगताना तिचा आवाज कुठेही चढला नाही, त्यामुळे निनाद जास्त घाबरला.

"मी त्या निकमला..." तो उठला.

"निकमचं मग बघू. तू काय केलंस ते तुला कळतंय का?"

"मला काय माहीत, तो माणूस..."

"तो नसता तर दुसरा असता. बसमध्ये शेजारी बसलेला. भाजीवाला. माझं अंग कशाने सैल पडतं, ते तू चावी करून वाटलंस. वर माझं नाव कोरलंस तिच्यावर."

"विज्ञानात आपण निष्कर्ष लपवत नाही, शाल्मली," तो केविलवाणं म्हणाला. "तूच शिकवतेस मुलांना."

"मी निष्कर्ष नाहीये!" आता ती ओरडली. "डोळे बांधून बसले होते मी. तुझ्यासमोर."

तो जवळ आला. तिला धरायला गेला. आणि तो वास आला. कोरडं गवत, तूप. संतापाने थरथरत असतानाही तिचं डोकं आपोआप त्याच्या खांद्याकडे झुकलं. तेवढ्यात निकमचे हसरे दात तिच्या डोळ्यांपुढे आले. तिने निनादला दोन्ही हातांनी ढकललं.

"लांब हो. आधी ते धुऊन टाक अंगावरचं."

निनादने यादीतून मिश्रण काढलं. त्याचा उपयोग नव्हता. प्रती पसरल्या होत्या, लोक त्यात भर घालून पुढे पाठवत होते. 'शाल्मली सौम्य' निघालं. 'शाल्मली जोमदार' निघालं. क्लबातला एकजण तिला रस्त्यात हसून म्हणाला, "वहिनी, तुमचे फार उपकार आहेत बरं का." तिला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पेट्रोलपंपावर, बँकेत, कुणाच्या तरी अंगावरून तो वास यायचा आणि तिचं अंग शेपूट हलवायचं. हाच शब्द तिच्या मनात यायचा. स्वतःच्या शरीराची तिला इतकी शिसारी आली की ती आरशात बघेनाशी झाली. उन्हाळ्यातल्या आठवणी चाळून बघायची, त्यातलं आपलं किती आणि कुप्यांमधलं किती, आणि काहीच वेगळं काढता यायचं नाही.

शेवटी ती डॉक्टर वैजयंतींकडे गेली.

"वास बाजारातून जाणार नाही," त्या म्हणाल्या. "नाक बदलता येईल. एखादा पदार्थ खाऊन कधी उलटी झाली आहे? मग वर्षानुवर्षं तो पदार्थ समोर आला तरी मळमळतं की नाही? मेंदूला विष ओळखायची घाई असते. मळमळ आली की तो आधीच्या वासाला दोष देतो आणि विसरत नाही. किळस ही आपल्या शरीराची सगळ्यात जुनी राखणदार. तिला नव्याने शिकवता येतं."

"मग शिकवा."

"अवघड आहे. अनोळखी वासाला ती एका फटक्यात शत्रू मानते. तुमचा हा ओळखीचा आहे, लाडका आहे. पुन्हा पुन्हा करावं लागेल. आणि शाल्मली, एकदा झालं की झालं. निनादच्या अंगावरचाही तोच वास आहे."

"त्याच्यापासूनच सुरुवात करायची आहे," ती म्हणाली.

ओकारी आणायला औषध घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गोल फिरणारी खुर्ची पुरे होती. लहानपणी गरागरा फिरल्यावर पोटात जे होतं, तेच, पण नेटाने. खुर्ची ऑफिसची, निनादची. फिरवायलाही तोच हवा होता, कारण दुसऱ्या कुणासमोर हे करायची तिची तयारी नव्हती. डॉक्टर घरी येऊन शेजारच्या खोलीत बसल्या.

शाल्मलीने फक्त मऊभात खाल्ला होता, रोजचाच, म्हणजे मेंदूला दोष द्यायला दुसरं काही सापडू नये. निनादने न धुतलेले आपले शर्ट एका बरणीत कोंबून ठेवले होते. तिने बरणी मांडीवर घेतली. समोर बादली.

"फिरव."

निनादने खुर्ची फिरवली. तिने झाकण काढून बरणीत नाक घातलं. पहिल्यांदा नुसतं सुख वाटलं, आणि त्या सुखाचाच तिला राग आला.

"जोरात."

खोली फिरू लागली. कपाट, खिडकी, निनाद, कपाट, खिडकी, निनाद. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, जिभेखाली आंबट साचलं. खुर्ची थांबली तरी भिंती थांबेनात. तिने बादलीवर वाकून भडाभडा ओकलं. भाताची शितं नाकातून आली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"पुन्हा."

"शाल्मली, पुरे. उद्या करू."

"पुन्हा, निनाद."

त्याने पुन्हा फिरवली. पोटात काही उरलं नव्हतं. पिवळं, कडू पित्त पडलं, मग नुसतेच कोरडे उमासे. खोलीत उलटीचा आंबूस दर्प भरला. निनाद एका हाताने खुर्ची फिरवत होता, दुसऱ्या हाताने तिचे केस मागे धरत होता आणि रडत होता. दर रविवारी त्यांनी मिळून काही ना काही प्रयोग केले होते. हा प्रयोग त्याला त्याच्याच विरुद्ध करायचा होता, आणि तो चुकवायची सोय नव्हती. संपल्यावर त्याने बादली उचलली, संडासात रिकामी केली, फरशी पुसली. मग आंघोळीला गेला आणि डॉक्टरांनी दिलेल्या जंतुनाशकाने अंग इतकं घासून आला की त्याला कसलाच वास उरला नाही. तो खोलीत आला तरी कुणी आल्यासारखं तिला वाटलं नाही.

पुढच्या काही रविवारी त्यांनी हेच केलं. शेवटच्या खेपेला खुर्ची फिरवावीच लागली नाही. निनादने नुसतं बरणीचं झाकण सैल केलं आणि शाल्मली बादलीकडे धावली.

ऑगस्टमध्ये कॉलेजात विज्ञान प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. निकमसाहेब प्रमुख पाहुण्यांना घेऊन फिरत होते. रसायनशास्त्राच्या टेबलापाशी येईपर्यंत त्यांच्यामागे प्राध्यापक, पालक, फोटो काढणारा, अशी बरीच माणसं जमली.

"या आमच्या भोईटे मॅडम," निकमसाहेब म्हणाले. "फार गुणी. या मॅडम, एक फोटो होऊन जाऊ दे." ते तिच्या शेजारी आले आणि तिच्या खांद्यामागे हात टाकला.

शाल्मलीला वाटलं होतं, मळमळेल आणि आपण बाजूला होऊ. तिचा अंदाज चुकला. वास आला आणि तिच्या पोटाने तिला विचारलंच नाही. सकाळचे पोहे, चहा, सगळं निकमसाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पोटावरून खाली बुटांपर्यंत. त्यांच्या मनगटावर एक मिरची चिकटून राहिली.

"अरे देवा! बरं नाही का मॅडम?" पाहुणे मागे सरकले.

शाल्मलीने पदराने तोंड पुसलं. लाजेने मेल्यासारखं व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

"मी बरी आहे," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "निकमसाहेब, लांब उभे राहा. तुम्ही अंगाला अंग लावलंत की मला उलटी होते. यापुढे माझ्या खुर्चीमागे यायचं नाही. कुणाच्याच यायचं नाही."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. मग जीवशास्त्राच्या फडतरे मॅडम पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या आणि शाल्मलीच्या शेजारी उभ्या राहिल्या. निकमसाहेबांना पाणी कुणी दिलं नाही. आठवडाभरात संस्थेकडे तक्रार गेली. त्या अर्जावर फडतरे मॅडमची सही पहिली होती. चौकशी सुरू झाली आणि निकमसाहेब रजेवर गेले.

घरचं मात्र एका उलटीत मिटणारं नव्हतं. निनादने क्लबात उभं राहून आपण काय केलं ते सांगितलं. काही जणांनी माना खाली घातल्या, काही जण म्हणाले की वहिनी फारच मनाला लावून घेतात. त्याने यंत्र परत केलं. शाल्मलीला हे सगळं कळलं, पटलंही. तरी त्याच्याकडे बघताना तिच्या मनात एक बारीक आंबटपणा राहिला होता. तो कुठल्या बरणीतून आलेला नव्हता, आणि त्याच्यावर डॉक्टरांकडे इलाज नव्हता. ती पलीकडच्या खोलीत झोपू लागली. निनादने कधी हट्ट केला नाही.

सप्टेंबर संपता संपता एका दुपारी तो पठारावरून लवकर आला. एका पवनचक्कीची लिफ्ट बंद पडली होती, शिडीने वरपर्यंत चढून उतरावं लागलं होतं. शर्ट पाठीला चिकटलेला, मानेवर ग्रीस. तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि ती तिथे कणीक मळत होती. घासून टाकलेल्या अंगावर इतक्या आठवड्यांनी त्याची स्वतःची जिवाणूंची वस्ती परत उगवली होती. तिला वास आला. लोखंडाचा, कांद्याचा, दमलेल्या पुरुषाचा. लग्न झालं तेव्हाचाच असावा बहुधा. तेव्हा तिने तो कधी नीट हुंगलाच नव्हता.

तिने नाक मुरडलं. "शीऽ! काय घाणेरडा वास येतोय तुला."

निनाद थिजला. ग्लास ओठांशीच राहिला. तिच्या चेहऱ्याकडे तो टक लावून बघत होता, तिला उमासा येतो की काय, म्हणून. तो आला नाही. ती नुसती वैतागली होती, कुठल्याही बाईने घामट नवऱ्यावर वैतागावं तशी.

"किती?" त्याने चाचरत विचारलं. "म्हणजे, दहापैकी..."

"आकडा विचारलास तर ही कणीक फेकून मारीन."

तो घाईघाईने दाराकडे वळला. ती पाठमोरीच म्हणाली, "आंघोळ करून ये. आणि मग पोळ्या लाटायला लाग. माझे हात भरून आलेत."